रिकाम्या वेळेची यादी कोणाची?

मे महिना सरत आला की बंदरावरच्या प्रत्येक ग्रुपवर एक यादी फिरायला लागते. इंजिन बघणे. जाळी करणे. रंग मारणे. कागदपत्रे. कोणी त्यात विमा वाढवतो, कोणी खाली हात जोडल्याचं चित्र टाकतो. पुढच्या वर्षी तीच यादी पुन्हा येते. जुलै संपताना बघावं तर रंग तेवढा झालेला असतो, कारण रंग लांबून दिसतो. बाकीचं "बघू, पहिली फेरी मारून येऊ" यात जातं.

माझं म्हणणं सरळ आहे. ही यादी बोटीची आहे, बोटीवरच्या माणसांची नाही. काम कोणतं ते त्यात लिहिलेलं असतं. ते किती वेळात होतं, कोण करणार, सामान घरात आहे का आणि त्या दिवसाचा रोज मिळणार का, यातलं काहीच नसतं. अशी यादी म्हणजे नाखव्याने खलाशांना सांगितलेली कामं. ती कागदावर असो की मोबाईलवर, फरक पडत नाही.

मी भोपाळजवळ मिसरोदला राहते. माहेर किनाऱ्यावरचं, भावाची बोट आहे, आणि तिचा हिशेब मी इथून फोनवर ठेवते. समुद्र इथून शेकडो किलोमीटर लांब, त्यामुळे बोट मला दिसत नाही, तिचे आकडे दिसतात. आणि आकड्यांत एक गोष्ट चांगली कळते: जूनमध्ये जो खर्च आणि जे काम टाळलं, ते ऑगस्टमध्ये जास्त पैसे घेऊन परत येतं. मेकॅनिक तोच असतो, पण ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात तो दहा जणांचा असतो.

आधी रिकामा वेळ म्हणजे काय ते बघू. आपण रिकामा वेळ म्हटलं की फक्त बंदी धरतो. १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस. पण वर्षातला रिकामा वेळ तेवढाच असतो का? डोल लावणाऱ्यांना विचारा. अष्टमीच्या आसपास भांगाचं पाणी असतं, ओढ नसते, डोलीत काही भरत नाही. महिन्यातून दोनदा हे येतंच. बर्फाच्या रांगेत दोन तास जातात. डिझेलचा टँकर आला नाही म्हणून सकाळ जाते. हवामान खात्याचा इशारा आला, बावटा लागला, की दोन-तीन दिवस बोट धक्क्याला बांधलेली. मासळी उतरली, लिलाव व्हायचाय, तोवर माणसं बसून. एक खलाशी तापाने झोपला म्हणून फेरी रद्द. हे सगळं जोडलं तर बंदीएवढा नसला तरी बराच वेळ होतो, आणि तो पूर्ण मोबाईलमध्ये जातो. जावो, त्याला माझी हरकत नाही. पण मग ३० जुलैला रात्री जागून जाळी तुणताना कुरकुर करायची नाही.

म्हणून यादीत पहिली सुधारणा हवी ती ही: कामं वेळेच्या मापाने लावा. आज आपण ती बोटीच्या भागांप्रमाणे लावतो. इंजिनची कामं एकीकडे, जाळ्याची एकीकडे, तळाची एकीकडे. वाचायला ते बरं दिसतं. पण बर्फाच्या रांगेत उभ्या असलेल्या माणसाला "इंजिन" हा शब्द वाचून काय करता येणार? त्याच्याकडे अर्धा तास आहे. त्याला अर्ध्या तासाचं काम हवंय.

अर्ध्या तासात काय होतं? पुष्कळ होतं. लाइफ जॅकेटं मोजायची, प्रत्येकाचा पट्टा आणि क्लिप ओढून बघायची, शिट्टी आहे का बघायची. आग विझवायच्या सिलिंडरचा काटा हिरव्यात आहे का. टॉर्चचे सेल. दिवे, विशेषतः मागचा. बिल्ज पंप हाताने चालू करून पाणी फेकतो का. बॅटरीची टोकं घासून ग्रीस लावणं. व्हीएचएफवर शेजारच्या बोटीला एक हाक मारून तिचं उत्तर ऐकणं. बांधायचे दोर जिथे घासतात तिथे हात फिरवणं. आणि तटरक्षक दलाचा १५५४ हा नंबर प्रत्येक खलाशाच्या फोनमध्ये आहे की नुसता तांडेलाच्या. यातलं एकही काम असं नाही की त्याला धक्क्यावरून हलावं लागेल.

अर्ध्या दिवसाची कामं वेगळी. भांगाचा दिवस हा त्यांचा. एक जाळं पसरून फाटलेल्या जागा तुणणं, डिझेल फिल्टर बदलणं, पंप उघडून इम्पेलरची पाती बघणं, शीतपेटीची गळती शोधणं, पत्र्याच्या कडा ठोकून नीट करणं. आणि बोट ओढल्याशिवाय, माणसं जमल्याशिवाय जे होत नाही ते बंदीचं: तळ घासणं, फळ्यांच्या फटी भरणं, फायबरचं काम, शाफ्ट, पंखा, मोठी जाळी नव्याने बांधणं.

असे तीन कागद करा. पहिला केबिनमध्ये, दुसरा जाळ्याच्या पेटीजवळ, तिसरा घरी. मी भावाला तेच सांगितलं. तो म्हणाला, "ताई, एका कागदाचं काही होत नाही, तीन काय करू?" प्रश्न बरोबर होता. त्याचं उत्तर सामानात आहे.

रिकाम्या वेळेतलं काम आळसामुळे राहतं असं बहुतेक नाखवे समजतात. मला वहीतून तसं दिसत नाही. काम राहतं ते सामान नसल्यामुळे. अर्धा तास मिळाला, जाळं समोर आहे, फाटलेली जागा दिसतेय, आणि दोरा संपलेला. सुई भरलेली नाही. तेवढ्यासाठी कोण बाजारात जातं? त्यात अर्धा तास संपला. तेव्हा यादीतल्या प्रत्येक कामापुढे त्याला लागणारी वस्तू लिहा आणि ती आधी आणा. एक प्लास्टिकची पेटी: भरलेल्या दोन सुया, त्याच नंबरचा दोरा, एक डिझेल फिल्टर, एक बेल्ट, एक इम्पेलर, क्लिपा, ग्रीस, सेल, चिकटपट्टी, पॉलिश पेपर. या पेटीचा खर्च एका वाया गेलेल्या फेरीच्या डिझेलपेक्षा कमी आहे. आणि पेटीतलं काही वापरलं की वापरणाऱ्याने त्याच दिवशी फोनवर सांगायचं, म्हणजे घरचं माणूस ते परत आणून ठेवेल. आमच्याकडे ते माणूस म्हणजे वहिनी. त्यावर पुढे बोलते.

आता क्रम. बंदीच्या यादीत इंजिन सगळ्यात वर असतं आणि बोट बांधणं, शाकारणं हे गृहीत धरलेलं असतं. २०२० साल आठवा. ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं. पुढच्या वर्षी तौक्ते मेच्या मध्यावर कोकणाच्या कडेकडेने गेलं, म्हणजे बंदी लागायच्याही आधी. तेव्हा दोर, नांगर, बोट ओढायची जागा आणि तिथे लागणारी माणसं हे सगळं १५ मेच्या आत ठरलेलं असायला हवं. यादीत त्याचा नंबर पहिला. इंजिन दुसरं.

आणि इंजिनचंसुद्धा आपण उलटं करतो. ऑईल बदलायचं ते जुलैच्या शेवटच्या आठवड्यात, का तर नवीन ऑईलने नवीन सुरुवात. अहो, जुन्या ऑईलमध्ये काजळी असते, आम्ल असतं, ओलावा असतो. ते दोन महिने इंजिनच्या पोटात ठेवून बेअरिंगं खायला द्यायची आणि मग बदलायचं? बोट थांबली की पहिल्याच आठवड्यात बदला. खाऱ्या पाण्याची बाजू गोड्या पाण्याने धुऊन काढा. इम्पेलर काढून ठेवा, नाहीतर पाती एकाच जागी दबून वाकडी राहतात. बेल्ट सैल करा. बॅटरी सोडवून घरी न्या आणि महिन्यातून एकदा चार्ज करा. डिझेलची टाकी अर्धी ठेवली तर वरच्या हवेतला ओलावा पावसाळ्यात आत पाणी होऊन बसतो, म्हणून ती भरून ठेवावी असं म्हणतात. बंदीत टाकी भरायला पैसे कुठून आणायचे, हा प्रश्न मला कळतो, मीच हिशेब बघते. नाही जमलं तर निदान सुरू करायच्या आधी टाकीच्या तळातून पाणी काढून टाका, आणि ते यादीत लिहा, कारण तेच विसरलं जातं. जाळ्यांचंही तसंच. नायलॉनला ऊन खातं. गोड्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवून उंदरांपासून लांब ठेवायचं काम जूनच्या पहिल्या आठवड्यातलं आहे. ते दीड महिना उघड्यावर ठेवून मग तुणायला घेतलं तर दोराच सुटतो हाताला.

एवढं वाचून कोणी म्हणेल, हे सगळं आम्हाला येतं, तीस वर्षं बोट चालवतोय. येतंच. ज्यांना येतं त्यांच्याकडूनच सुटतं, म्हणून तर यादी लागते. १९३५ साली अमेरिकेत डेटन इथे बोईंग कंपनीचं नवीन मोठं विमान चाचणीला उडालं आणि लगेच कोसळलं. चालवणारा अत्यंत अनुभवी वैमानिक होता. वाऱ्याने पंख-शेपटीच्या झडपा हलू नयेत म्हणून जमिनीवर लावतात ती खीळ काढायची राहिली होती. इंजिन धड होतं, विमान धड होतं. त्यानंतर वैमानिकांनी उड्डाणाआधी वाचायची छोटी यादी केली आणि त्याच जातीची विमानं पुढे हजारोंनी उडाली.

ही गोष्ट जगभर सांगितली ती डॉक्टर अतुल गवांदे यांनी. ते अमेरिकेत वाढले, पण वडील यवतमाळ जिल्ह्यातल्या उमरखेड तालुक्यातले, शेतकरी घरातले. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली ऑपरेशनच्या खोलीसाठी १९ कलमांची यादी काढली, त्या कामाचे ते प्रमुख. आठ देशांतल्या आठ रुग्णालयांत ती वापरून बघितली, त्यात दिल्लीचंही एक होतं. ऑपरेशननंतरचे मोठे त्रास ११ टक्क्यांवरून ७ वर आले, मृत्यू दीड टक्क्यावरून ०.८ वर. १९ कलमांत नवीन ज्ञान काहीच नव्हतं. सगळं प्रत्येक डॉक्टरला पाठ होतं. पण त्यातलं एक कलम मला फार आवडतं: सुरी लावायच्या आधी खोलीतल्या प्रत्येकाने आपलं नाव आणि आपलं काम मोठ्याने सांगायचं. मोठा सर्जन असो की सगळ्यात नवीन नर्स. ज्याने एकदा तोंड उघडलं तो पुढे चूक दिसली तर बोलतो.

याची दुसरी बाजूही आहे. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात सरकारने अशी यादी सगळ्या रुग्णालयांना सक्तीची केली. १०१ रुग्णालयांचे आकडे २०१४ साली छापून आले, तर मृत्यूत म्हणण्यासारखा फरकच पडला नव्हता. का, यावर बरेच वाद झाले. माझं मत विचाराल तर वरून कागद आला, खाली खुणा झाल्या, माणसं तीच राहिली. आपल्याकडे कागदपत्रं तपासताना असलं कितीदा बघतो. खूण केली म्हणजे काम केलं असं नाही.

म्हणून यादीतली वाक्यं बदलायला हवीत. "इंजिन बघणे" असं काम नसतं. बघितलं, म्हणजे काय केलं? "डिझेल फिल्टर बदलला, जुना तांडेलाला दाखवला" हे काम. "लाइफ जॅकेट चेक" नको. "जॅकेटं माणसांएवढी आहेत, एकाने घातली, दुसऱ्याने पट्टा ओढला" असं हवं. काम एकाने करायचं आणि झालं असं दुसऱ्याने म्हणायचं. यात अविश्वास नाही. समुद्रात दोघं एकाच बोटीवर असणार आहेत.

आणि ती दुसऱ्याला वाचता आली पाहिजे. कोकणातल्या किती बोटींवर आज खलाशी नेपाळचे आहेत, कर्नाटकचे आहेत, उत्तर प्रदेशचे आहेत. मराठीत सुंदर अक्षरात लिहिलेली यादी त्यांच्यासाठी भिंतीवरचं कॅलेंडर आहे. देवनागरी वाचता येत असली तरी आपले शब्द कळत नाहीत. फोटो काढा. फिल्टरचा फोटो, पंपाचा फोटो, चांगल्या दोराचा आणि घासलेल्या दोराचा शेजारी शेजारी. आणि यादी करताना त्यांनाच बसवा. पाच वर्षं ज्याने त्या बोटीचं विंच चालवलं, त्याला विंच कुठे अडतं ते नाखव्यापेक्षा जास्त माहीत असतं. विचारलं तर सांगतो. विचारलं नाही तर गावी गेल्यावर दुसऱ्या नाखव्याला सांगतो आणि तिकडेच कामाला लागतो.

आता जे बोलायला सगळे टाळतात ते. या वेळेचे पैसे कोण देणार?

वाट्यावर असलेल्या खलाशाला फेरी झाली तर पैसे. बंदीत फेरी नाही. मग जूनमध्ये तळ घासायला, जुलैमध्ये जाळी बांधायला तो येतो तो कशाच्या आधारावर? कोणी रोज देतं, कोणी जेवण आणि चहा देतं, कोणी पुढच्या हंगामाची उचल दिलीय म्हणून ते काम त्यातच धरतं. उचल म्हणजे कर्ज. कर्ज दिलं म्हणून फुकट काम, हे हिशेबात मांडायला गेलं की मलाच लाज वाटते, वहीत त्याला रकाना नाही. माझं मत असं: अर्ध्या तासाची कामं ही बोटीवरच्या नोकरीचा भाग, त्याला वेगळे पैसे मागायचं कारण नाही, जीव सगळ्यांचाच आहे. अर्ध्या दिवसाचं काम वाट्यात धरायचं का नाही ते हंगामाच्या सुरुवातीला बोलून ठरवायचं. बंदीतलं काम मात्र रोजावर, आणि तो रोज संस्थेने सगळ्या बोटींसाठी १ जूनच्या आधी जाहीर करावा. प्रत्येक नाखव्याने वेगळा ठरवला की ज्याची उचल मोठी त्याचा रोज शून्य होतो.

नाखव्यांची बाजू मला दिसत नाही असं नाही. बंदीत त्यांच्याही घरात पैसा येत नाही, बँकेचा हप्ता मात्र येतो. बंदीच्या काळासाठी केंद्राची बचत-मदत योजना आहे, मच्छिमाराचे १५०० आणि सरकारचे ३००० मिळून ४५०० रुपये, तीन महिन्यांत महिना १५०० प्रमाणे. महिना १५००त घर चालत नाही हे सगळ्यांना माहीत आहे. म्हणून तर रोजाचे पैसे मे महिन्यातच, मासळी येत असतानाच बाजूला काढायला हवेत. प्रत्येक फेरीतून थोडे. मी तसा रकाना काढलाय.

आणि एक गोष्ट यादीत कामासारखीच लिहायला हवी, ती म्हणजे झोप. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा २००७ सालचा मासेमारीतल्या कामाविषयीचा करार आहे, क्रमांक १८८. तीन दिवसांपेक्षा जास्त समुद्रात राहणाऱ्या बोटींवर २४ तासांत किमान १० तास आणि आठवड्यात ७७ तास विश्रांती, असं त्यात म्हटलंय. भारताने त्यावर सही केलेली नाही, त्यामुळे आपल्याला तो लागू नाही. पण माणसाचं शरीर सही बघत नाही. रात्रभर जाळी ओढून आलेल्या पोराला धक्क्यावर अर्धा तास बसलेलं बघून "रिकामा बसलाय" म्हणायची सवय आपल्याला आहे. तो रिकामा नाही, तो दमलाय. पहिल्या कागदावर वर मोठ्या अक्षरात लिहा: रात्री काम झालं असेल तर हा कागद वाचू नका, झोपा.

तशीच दुसरी सवय बायकांच्या वेळेची. यादीत त्यांचं नाव कुठेच नसतं, आणि अर्धी यादी त्यांच्याच हातून होते. मे महिन्यात बोंबील वलांडीवर, जवळा अंगणात, पहिला पाऊस यायच्या आत सगळं वाळवून भरून ठेवायचं, कारण बंदीत बाजारात तेच विकायचं. त्याच मेमध्ये नाखवा म्हणतो, दोरा आण, सेल आण, विम्याचे कागद झेरॉक्स करून आण. वहिनीला विचारलं, तुझा रिकामा वेळ कधी? तर ती हसली. त्यामुळे सामानाच्या पेटीचं काम तिच्याकडे द्यायचं असेल तर तिच्या दुसऱ्या कोणत्या कामातून ते कमी करणार, तेही त्याच कागदावर लिहा. मासळी वाळवायला बंदरावरचा एक रिकामा खलाशी रोजावर देता येतो. त्यालाही काम, तिलाही हात.

रिकाम्या वेळेतलं काम म्हणजे डागडुजीच, असंही नाही. हे मला मिसरोदला आल्यावर जास्त कळलं. इथे समुद्र नाही, पण तलाव आणि धरणं आहेत. बडा तालाब आहे, कलियासोत आहे, केरवा आहे. मध्य प्रदेशात मासेमारीची बंदी १६ जून ते १५ ऑगस्ट. आपल्यासारखीच दोन महिन्यांची, पंधरवडा पुढे सरकलेली. पण गोड्या पाण्यातल्या माणसांचा बंदीचा काळ हाच बीजाचा काळ असतो. रोहू, कटला, मृगळ पावसात अंडी घालतात. त्यांची पिल्लं छोट्या तळ्यात वाढवायची, बोटाएवढी झाली की मोठ्या पाण्यात सोडायची. मासे धरायचे नाहीत, पण हातांना मासळीचंच काम आहे. आपल्या समुद्रात असं बीज सोडायचं नसतं हे खरं. पण मासळीशी जोडलेलं, पैसे देणारं दोन महिन्यांचं काम आपणही शोधायला हवं. फायबरचं काम शिकलेला एक खलाशी बंदीत सगळ्या बंदराचं काम करू शकतो. इंजिन उघडता येणारा पोरगा तर सोन्याचा. मग यादीत एक ओळ अशीही असावी: या बंदीत बोटीवरचं कोण काय शिकणार, आणि कोणाकडून.

भोपाळचीच आणखी एक आठवण सांगते, कारण ती अर्ध्या तासाच्या कागदाशी जोडलेली आहे. १३ सप्टेंबर २०१९, पहाटे, छोट्या तालाबाचा खटलापुरा घाट. गणपती विसर्जनासाठी दोन नावा एकमेकींना जोडून मूर्ती पाण्यात नेली आणि नावा उलटल्या. ११ तरुण गेले. अंगावर लाइफ जॅकेट नव्हती. घाटापासून लांब नव्हतं, वादळ नव्हतं, लाट नव्हती. आपण समुद्रावर जाणारे म्हणतो, आम्हाला पोहता येतं. जाळ्यात पाय अडकलेल्याला पोहता येत नाही. बोटीवरून पडताना डोकं आपटलेल्यालाही नाही. त्यामुळे जॅकेट मोजायचं काम कोणी कंटाळवाणं म्हटलं की मला तो घाट आठवतो.

त्याच कागदावर अजून एक ओळ घाला. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत अपघात विमा आहे, मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर ५ लाख. मच्छिमाराला हप्ता भरावा लागत नाही. प्रश्न इतकाच, तुमच्या बोटीवरच्या प्रत्येक माणसाचं नाव त्यात गेलंय का? नाखव्याचं गेलेलं असतं. तांडेलाचं बहुतेक. गेल्या महिन्यात चढलेल्या पोराचं? संस्थेच्या ऑफिसात विचारायला अर्धा तास पुरतो.

यादी वाढवायचा मोह होईल. हे वाचूनही होईल, मीच इतकं सांगितलंय. पण एका कागदावर आठ-नऊ ओळींपेक्षा जास्त नको, नाहीतर कोणी वाचत नाही. नवीन ओळ घालायची तर जुनी एक काढा. कोणती काढायची ते ठरवायला बंदी सुटल्यावर एकदा बसा. काही घरं १ ऑगस्टला निघतात, काही नारळ सोडल्याशिवाय निघत नाहीत. २०२३ला अधिक श्रावण आला, नारळी पौर्णिमा थेट ३० ऑगस्टला. ज्यांनी वाट बघितली त्यांना महिनाभर जास्त मिळाला आणि यादी मात्र ३१ जुलैचीच होती. तर जेव्हा निघाल त्याच्या आधल्या संध्याकाळी, नाखवा, तांडेल, खलाशी, आणि घरातली बाई सुद्धा, तासभर बसा. जी ओळ दोन वर्षं कोणी केली नाही ती वाचा आणि का केली नाही ते विचारा. सामान नव्हतं? वेळ चुकीचा होता? कोणाचं काम तेच माहीत नव्हतं? की ते काम नकोच होतं? उत्तर मिळालं तर ओळ दुरुस्त करा, नाही मिळालं तर खोडा. आणि मागच्या हंगामात बोट कशामुळे अर्ध्यातून परत आली ते आठवा. होज फाटला म्हणून आली असेल तर होजची ओळ आत. अशी तीन वर्षं केली तर ती यादी तुमच्या बोटीची होईल, दुसऱ्या कोणाच्या कामाची राहणार नाही. ती ग्रुपवर टाकायचीही गरज नाही.

आमच्या बोटीच्या पहिल्या कागदावर सध्या नऊ ओळी आहेत. सातवी ओळ विंच चालवणाऱ्या नेपाळी पोराने सांगितलेली: विंचच्या ब्रेकवर हात ठेवून बघणे, गरम लागला तर थांबणे. ती आम्हा कोणालाच सुचली नव्हती. रोजाचा आकडा अजून ठरलेला नाही. संस्थेच्या मे महिन्याच्या बैठकीत तो विषय घ्यावा असं पत्र भाऊ देणार आहे. तुमच्याही बोटीचं पत्र त्यासोबत गेलं तर बरं होईल.